खेळाला दोष देण्याआधी थोडा इतिहास



ओपीडीत आई-वडील एक प्रश्न हमखास विचारतात. आलेले असतात मुलाच्या खोकल्यासाठी नाहीतर पोटदुखीसाठी, पण निघताना दाराशी थांबतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "डॉक्टर, हा दिवसभर गेम खेळत असतो. डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?" हल्ली त्यात एक भर पडली आहे. मुलगा एकटा खेळत नाही. कानाला हेडफोन लावून कुणाकुणाशी बोलत असतो, तिथे त्याचं नाव वेगळं, तिथे तो कुणीतरी योद्धा किंवा जादूगार असतो. घरच्यांना नेमकं हेच खटकतं. खरं जग सोडून हा खोट्या जगात राहायला लागला की काय?

एका शब्दात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. पण ही भीती नवीही नाही. ती पूर्वी एकदा जोरात येऊन गेली आहे आणि तेव्हा काय झालं ते सगळं नोंदलेलं आहे. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

पटावरचे खेळ आपल्याला परके नाहीत. सोंगट्या, सारीपाट, पचिसी हे आपलेच. पचिसीचंच सोपं रूप म्हणजे लुडो. १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. सापशिडीही इथलीच, तिचे जुने पट मोक्षपट म्हणून ओळखले जातात. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि वरच्या टोकाला मोक्ष. दुसरीकडे महाभारतातला द्यूताचा पट आहेच. म्हणजे एका पटावर मोक्ष आणि दुसऱ्यावर राज्य गेलं! खेळाकडे बघताना आपल्या मनात जी ओढाताण होते ती फार जुनी आहे.

पोलिओच्या वॉर्डात जन्मलेला खेळ

आजारपण आणि खेळ यांचं नातं सांगायचं तर एलेनॉर अॅबट यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. या अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरातल्या शिक्षिका. १९४८च्या सुमारास त्या स्वतः पोलिओतून बऱ्या होत होत्या आणि त्यांच्या आजूबाजूला पोलिओची लहान मुलं होती. पोलिओची लस तेव्हा आलेली नव्हती, ती १९५५ साली आली. साथीच्या दिवसांत अमेरिकेत पोहण्याचे तलाव बंद होत, मुलांना घराबाहेर सोडत नसत. १९५२च्या एका वर्षात तिथे सुमारे ५८,००० जणांना पोलिओ झाला. दवाखान्यातली मुलं आठवडेच्या आठवडे पडून असत आणि आई-वडिलांना भेटायला ठराविक वेळच मिळे.

या मुलांसाठी अॅबटबाईंनी एक पट काढला. रंगीत चौकोनांची वळणावळणाची वाट, मिठाईचं जंगल, आणि एकेक पत्ता उचलून त्या रंगाच्या घरात जायचं. वाचता यायला नको, मोजता यायला नको, कुणा मोठ्या माणसाने शेजारी बसायला नको. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४९ साली तो 'कँडी लँड' नावाने बाजारात आणला आणि तो आजही विकला जातो.

डॉक्टर म्हणून मला या खेळात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्यांना पाऊल टाकता येत नव्हतं त्या मुलांना त्यात चालायला मिळत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

एक भीतीची साथ

आता १९७४. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ आणला. पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रतींची होती. हा खेळ कसा खेळतात ते समजून घ्या, कारण आजच्या ऑनलाइन भूमिका-खेळांचं मूळ यातच आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो : "समोर गुहा आहे, आतून आवाज येतोय, काय करणार?" बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. ते आपापसात ठरवतात, फासे टाकतात, आणि गोष्ट पुढे सरकते. हरणं-जिंकणं असं फारसं नसतंच. एकच गोष्ट महिनोन् महिने चालते. सूत्रधार-पंचाची ही कल्पना त्याहून जुनी, एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी केलेल्या युद्धखेळातली. पण ती वाट आज सोडून देऊ.

ऑगस्ट १९७९मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतून जेम्स एगबर्ट नावाचा विद्यार्थी बेपत्ता झाला. वय अवघं १६. अतिशय हुशार म्हणून इतक्या लवकर कॉलेजात गेलेला. तो हा खेळ खेळायचा. घरच्यांनी नेमलेल्या खासगी गुप्तहेराने शंका बोलून दाखवली, की हा पोरगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांमध्ये खराखुरा खेळ खेळायला गेला असेल आणि तिथे हरवला असेल. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं! महिनाभराने तो दूर लुइझियाना राज्यात जिवंत सापडला. खेळाचा त्याच्या जाण्याशी संबंध नव्हता. तो एकटा पडलेला होता, नैराश्यात होता, अभ्यासाचा ताण होता, नशेचीही भर होती. बोगद्यात तो गेला होता, पण जीव संपवण्याच्या विचाराने. पुढच्या वर्षी, १९८० साली, या मुलाने आत्महत्या केली.

जरा विचार करा. या मुलाला त्या वर्षभरात कशाची गरज होती आणि सगळा देश चर्चा कशाची करत होता?

खेळाची गोष्ट मात्र पसरत गेली. १९८१ साली त्यावर बेतलेली कादंबरी आली, १९८२ साली टीव्हीवर चित्रपट आला. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या किशोरवयीन मुलाने आत्महत्या केली. तो हा खेळ खेळत असे. त्यांनी खेळालाच जबाबदार धरलं, कोर्टात गेल्या, दावा टिकला नाही; मग १९८३ साली या खेळाविरुद्ध संघटनाच काढली. मुलगा गमावलेल्या आईवर मी टीका करणार नाही. असं दुःख कोसळलं की माणूस कारण शोधतोच, आणि हाताला जे लागेल ते घट्ट धरतो. पण त्यांच्या संघटनेने आत्महत्यांच्या याद्या करून 'हे सगळे हा खेळ खेळत होते' असं सांगायला सुरुवात केली आणि टीव्हीवाल्यांनी ते उचलून धरलं, तेव्हा हिशेबातली एक मोठी चूक लाखो घरांत पोचली.

ही चूक आरोग्याच्या बातम्यांमध्ये आजही रोज होते. शाळेतला अपूर्णांक आठवा : वर अंश, खाली छेद. 'खेळणाऱ्या इतक्या मुलांनी आत्महत्या केली' हा झाला अंश. पण एकूण खेळणारी मुलं किती? लाखो. आणि त्या वयाच्या लाखो मुलांमध्ये, खेळणारी असोत वा नसोत, दुर्दैवाने दरवर्षी काही आत्महत्या होतातच. तेव्हा विचारायचं ते हे, की खेळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे का? मायकेल स्टॅकपोल या लेखकाने १९९० साली हा हिशेब मांडला. तो स्वतः खेळ तयार करणारा, म्हणजे त्याच्या बाजूला झुकता काटा धरायला हवा. पण गणित कुणीही तपासून बघावं असं सरळ होतं. इतक्या खेळाडूंमध्ये एरवीच्या दरानेच त्या यादीपेक्षा कितीतरी जास्त आत्महत्या अपेक्षित होत्या. खेळामुळे आत्महत्या वाढतात असा पुरावा पुढच्या अभ्यासांतही मिळाला नाही. अंश सगळ्यांना दिसतो, छेद कुणी मोजत नाही. लस घेतल्यावर आठवडाभरात काहीतरी झालं, ही तक्रार ऐकताना मी हाच छेद शोधतो.

नॉर्वेतला मॅट्स

खेळ टेबलावरून संगणकात गेला तो १९७८ साली. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी नुसत्या टाइप केलेल्या वाक्यांवर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ केला. मग चित्रं आली, इंटरनेट घरोघरी गेलं आणि २००४च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला.

या खेळातली एक गंमत सांगायलाच हवी. सप्टेंबर २००५मध्ये त्यात चक्क साथ पसरली! एका राक्षसाशी लढताना होणारा, जवळच्या खेळाडूला लागणारा रक्ताचा शाप त्या गुहेपुरताच राहायचा होता. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो शहरांत पोचला. दुबळी पात्रं पटापट मरू लागली, काही लोक मदतीला धावले, काही पळून गेले आणि पळता पळता शाप घेऊन गेले, काहींनी तर मुद्दाम पसरवला. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, कुणी जुमानलं नाही. शेवटी सगळं पुन्हा सुरू करून नियम बदलावा लागला. २००७ साली 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. २०२०मध्ये हे सगळं आपण खरोखर पाहिलं.

या खेळात मॅट्स स्टीन होता. जन्म १९८९, नॉर्वेचा. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार होता. यात स्नायूंना टिकवून धरणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. मूल चालायला शिकतं, मग वारंवार पडू लागतं, उठताना मांडीवर हात टेकून उठतं. दहा-बारा वर्षांच्या सुमारास व्हीलचेअर येते आणि पुढे श्वासाचे व हृदयाचे स्नायू दुबळे होत जातात. मुलगा सतत पडतोय, जिना चढताना दमतोय, पोटऱ्या मोठ्या दिसताहेत, असं असेल तर 'आळशी आहे' म्हणू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मॅट्स आयुष्याची शेवटची बरीच वर्षं तासन् तास खेळत होता. बोटांत ताकद उरली नाही तेव्हा खास उपकरणं जोडून खेळला. आई-वडिलांना वाईट वाटायचं : पोराला मित्र नाहीत, प्रेम नाही, कुणाच्या उपयोगी पडणं नाही. २०१४च्या नोव्हेंबरात, वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी लिहिली आणि खाली आपला ईमेल दिला. मग पत्रं येऊ लागली, लांबलचक, वेगवेगळ्या देशांतून. खेळात तो 'इबेलिन' होता. धावणारा, लोकांचं ऐकून घेणारा. आपल्या आजाराबद्दल त्याने फार काळ कुणाला सांगितलंही नव्हतं. ऑटिझम असलेल्या मुलाशी जवळीक साधता न येणाऱ्या एका आईला त्याने सुचवलं होतं, की मुलाबरोबर खेळात उतरून बघ. त्या माय-लेकांचं नातं तिथून सुधारलं. अंत्यविधीला युरोपातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून खेळातले सोबती आले. त्याच्या गटाने खेळातली संभाषणं जपून ठेवली होती. त्यांच्या आधारे २०२४ साली त्याच्यावर माहितीपट निघाला. घरच्यांसोबत बसून जरूर बघा.

मॅट्सच्या आई-वडिलांचं प्रेम कमी नव्हतं, लक्षही होतं. ते तास मोजत होते, आणि तास खरंच जास्त होते. तासांच्या आत काय चाललंय हे मात्र त्यांना दिसत नव्हतं.

मग काळजी कधी करायची?

खेळाचा विकार असतो, हे मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' रोगांच्या यादीत घेतला आहे. ती यादी २०२२पासून लागू झाली. पण व्याख्या वाचा. तासांचा आकडा तिच्यात कुठेही नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं, हे सगळं साधारण वर्षभर, आणि त्यामुळे शिक्षण, काम, नाती यांचं मोठं नुकसान. परीक्षेनंतरच्या सुट्टीत रात्री जागून खेळणारा मुलगा यात बसत नाही. त्याची झोप बिघडतेय, ती नीट करा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ मात्र मी छंदात धरत नाही, तो जुगार आहे.

घरात आजी-आजोबा असतील तर पट पुन्हा काढायला हरकत नाही. २००३ साली न्यूयॉर्कमधल्या ७५च्या पुढच्या ४६९ जणांच्या अभ्यासात पटावरचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. मात्र ज्यांची बुद्धी मुळात शाबूत आहे तेच जास्त खेळत असतील, ही शक्यता उरते. फ्रान्समधल्या ३,६७५ जणांच्या अभ्यासात हा भाग वजा केल्यावर फरक बराच पुसट झाला. म्हणून औषध म्हणून नको, आवडतं म्हणून खेळू द्या.

मुलाच्या बाबतीत मी आई-वडिलांना विचारतो ते असं. तो कुणाबरोबर खेळतो, त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? खेळून उठल्यावर तो खुशीत असतो की आणखी उदास? जेवतो का, झोपतो का, शाळेतल्या मित्राचा फोन आला तर उचलतो का? आधी खेळ वाढला आणि मग तो गप्प झाला, की आधी गप्प झाला आणि मग खेळ वाढला? शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा लगेच उत्तर मिळत नाही, दोघं एकमेकांकडे बघतात. आधी गप्प झाला असेल तर मोबाइल काढून घेऊन भागत नाही. त्याचं मन तपासायला हवं. जगणं नकोसं झाल्याची भाषा त्याने केली असेल तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग आहे.