पहाणी, सातबारा आणि रजेचा अर्ज

बंगळुरूला बदली झाली की लोक म्हणतात, 'वा, संगणकाचं शहर!' खरं आहे. पण माझ्या मते या शहरातून सैनिकाच्या सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट काचेच्या इमारतींमधून आलेली नाही, तालुका कचेरीच्या खिडकीतून आली. तिचं नाव 'भूमी'.

ज्याने कंपनी सांभाळली आहे त्याला माहीत आहे, जवानाच्या तातडीच्या रजेच्या अर्जात कारणं तीनच: आजारपण, लग्न आणि जमीन. जमिनीच्या अर्जावर सीओसाहेबांच्या सहीचं पत्र कलेक्टरला जायचं. कधी काम व्हायचं, कधी नाही. हे दुखणं इंग्रजांनाही ठाऊक होतं. लढाईवर असलेल्या शिपायाच्या पाठीमागे दिवाणी किंवा महसुली न्यायालयात एकतर्फी निकाल लागू नये म्हणून त्यांनी १९२५ साली इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट केला. पण नाव बदलायला दरवेळी न्यायालय लागतंच असं नाही. तलाठ्याच्या दप्तरात एक फेरफार पुरतो.

आपला सातबारा आणि उत्तर कर्नाटकातली पहाणी ही तशी भावंडंच. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात सुरू केलेली पाहणीची पद्धत पुढे धारवाड, बेळगावकडेही गेली. १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदाही मुंबई इलाख्याचाच.

कर्नाटकात ही दप्तरं सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या ताब्यात होती. एकाकडे तीन-चार गावं. तो भेटला तर उतारा. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकात भरल्या गेल्या. २००१ च्या सुमारास तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत छापील पहाणी मिळू लागली. सुरुवातीला तालुक्याचा संगणक तालुक्यापुरताच होता. जाळं नंतर विणलं गेलं. खरी मेख दुसरीकडेच होती: हस्तलिखित उतारा रद्द ठरवला. संगणक आणि जुनी वही शेजारी-शेजारी चालू ठेवली की जिंकते वहीच. शिवाय फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानेच पुढे सरकणार आणि अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच नोंद करता येणार. फौजी माणसाला ही शिस्त लगेच पटते.

महाराष्ट्राची सुरुवात खरं तर आधीची. केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी निवडलेल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला वर्धा होता. डिजिटल सहीचा सातबारा आला १ मे २०१८ ला. मधल्या तीस वर्षांत किती जवान रजा घालवून तलाठ्याला शोधत फिरले असतील!

'भूमी'चं कौतुक सगळ्यांनीच केलं असं नाही. सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली बंगळुरू परिसराच्या अभ्यासातून दाखवलं की नोंदी एका जागी आल्याचा मोठा फायदा मोठ्या बिल्डरांना झाला. गावातल्या माणसाचा हात सुटला आणि व्यवहार वर सरकला. मला हे पटतं. ज्या पडद्यावर जवानाला त्याचं शेत दिसतं, त्याच पडद्यावर ते खरेदीदारालाही दिसतं. तरीही मी खिडकीच्याच बाजूने आहे, कारण गावातल्या माणसाच्या भरवशाचा लाभ गावात असणाऱ्याला होतो. सैनिक तिथे नसतो.

माझ्या हाताखालचा सांगलीकडचा एक हवालदार दर महिन्याला मोबाइलवर 'आपली चावडी' उघडून गावच्या फेरफार नोटिसा वाचतो. पूर्वी ती नोटीस फक्त चावडीच्या भिंतीवर लागायची आणि ती वाचायला घरी एकटी म्हातारी आई. आता बंगळुरूत बसून तो वाचू शकतो. हरकतीची मुदत १५ दिवस. पुढच्या वर्षी त्याची बदली उंचावरच्या चौकीवर आहे. तिथे आठवडेच्या आठवडे मोबाइलला रेंज नसते, म्हणून हल्ली तो कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीला ही नोटीस कशी शोधायची ते फोनवर शिकवतो आहे.