घरकामाची वांटणी : अंधेरीचा दाखला

घरांतील कोणतें काम पुरुषानें करावें आणि कोणतें स्त्रीनें, हा प्रश्न निघाला म्हणजे बहुतेकांकडून एकच उत्तर येतें कीं, ही वांटणी पूर्वापार चालत आली आहे. स्वयंपाक, पाणी, मुलें आणि आजारी माणसें यांचें पाहणें स्त्रीकडे. कमाई आणि बाहेरचा व्यवहार पुरुषाकडे. परंतु एखाद्या एकाच गांवाचा इतिहास निरखून पाहिला, तर ही वांटणी आपण समजतों तितकी जुनी नाहीं आणि तितकी एकसारखीही नाहीं, असें आढळतें. साष्टी बेटांतील अंधेरी हें याचें चांगलें उदाहरण होय. भातशेतीचें गांव, नोकरदारांचें उपनगर आणि कारखान्यांची वस्ती अशीं तीन रूपें या ठिकाणानें सुमारें दीडशें वर्षांत पाहिलीं, आणि प्रत्येक रूपाबरोबर घरांतील कामाचा हिशेब बदलत गेला.

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १८६७ च्या एप्रिलांत धांवली, तेव्हां अंधेरी, मरोळ, चकाला, आंबिवली हीं लहान लहान गांवें होतीं. येथील शेतकरी कुटुंबांत नांगर पुरुषाच्या हातीं असे. पण भाताची लावणी स्त्रियांवांचून होत नसे. पश्चिमेस समुद्रकांठीं वेसावें येथें कोळ्यांची वस्ती होती व आजही आहे. तेथें होडी आणि जाळें पुरुषांचें; मासळी किनाऱ्यास लागली कीं पुढील सर्व व्यवहार स्त्रियांचा. मासळी निवडणें, वाळविणें, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठणें, गिऱ्हाइकाशीं भाव ठरविणें आणि आलेला पैसा सांभाळणें, हीं सर्व कामें कोळीण करी. ‘बाहेरचा व्यवहार पुरुषाचा’ हा नियम तेथें कधींच लागू नव्हता. मात्र बाजार करून आलेल्या त्याच स्त्रीस चूल पेटवावी लागे आणि पाणीही भरावें लागे, हें विसरून चालणार नाहीं. व्यवहार हातीं आल्यानें तिचा मान वाढला. घरकाम कमी झालें नाहीं.

पुढें मुंबईंतील जागा अपुऱ्या पडूं लागल्या आणि पांढरपेशा कुटुंबांचा ओघ उपनगरांकडे वळला. १९२० सालीं ठाणें जिल्ह्यांतून मुंबई उपनगर हा जिल्हा वेगळा करण्यांत आला. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, आणि अंधेरीस बिऱ्हाड करून कोटांतील कचेरींत नोकरी करणें सोपें झालें. येथेंच घरकामाच्या इतिहासाला महत्त्वाचें वळण लागलें. गिरगांवच्या चाळींत राहणारा कारकून सकाळीं पिशवी घेऊन मंडईंत जाऊं शके आणि कचेरींतून वेळेवर घरीं परते. अंधेरीच्या बिऱ्हाडकरूस चर्चगेटपर्यंतचे सुमारें २२ किलोमीटर रोज दोनदां तुडवावे लागत. तो सकाळीं गाडी गांठी आणि दिवेलागणीनंतर परते. भाजी, किराणा, मुलांची शाळा, डॉक्टरचें औषध, घरीं आलेला पाहुणा, हीं कामें मग घरीं राहणाऱ्या स्त्रीवांचून कोण करणार? जी वांटणी आज परंपरेच्या नांवानें ओळखली जाते, ती उपनगरांत परंपरेइतकीच आगगाडीच्या वेळापत्रकानेंही घडविली आहे.

या व्यवस्थेचें सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे जेवणाचा डबा. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं मुंबईंत डबे पोंचविण्याचा धंदा सुरू केला. मावळ, मुळशी, खेड, आंबेगांव, जुन्नर या भागांतील माणसांनीं तो वाढविला. सकाळीं घराघरांतून डबे गोळा करून सायकलीनें स्टेशनावर आणावयाचे, अंधेरीसारख्या स्टेशनाबाहेर झांकणावरील खुणा पाहून ते ठिकाणांप्रमाणें लावावयाचे, लांकडी खोक्यांत भरून मालाच्या डब्यांतून नेावयाचे आणि दुपारीं रिकामे डबे त्याच वाटेनें परत आणावयाचे, असा हा क्रम आहे. या शिस्तीचें कौतुक देशांत व परदेशांतही झालें, आणि तें योग्यच आहे. पण डबेवाला ठराविक वेळीं दाराशीं येतो, म्हणून त्यापूर्वीं पोळी-भाजी तयार करणारी गृहिणी त्याहून किती आधीं उठते, याची गणना त्या कौतुकांत क्वचितच होते. डबा वाहून नेणाऱ्याच्या श्रमांस महिन्याचें मोल ठरलेलें असतें. डबा भरणारीचें मोल कोणीं ठरविलेलें नाहीं.

पाण्याची कथा याहून अधिक बोलकी आहे. मुंबई शहरास पाणी पुरविण्यासाठीं विहार तलाव १८६० सालीं पुरा झाला. हा तलाव साष्टींत, अंधेरीपासून थोड्या मैलांवर. पण त्याचें पाणी नळांतून शहराकडे गेलें, आणि जवळच्या वस्त्यांचा भरंवसा बराच काळ विहिरींवर राहिला. विहिरीवरून पाणी आणणें हें काम जवळजवळ सर्वत्र स्त्रियांचें आणि मुलींचें. अंधेरी १९५० सालीं बृहन्मुंबईंत आली, शेजारचें गोरेगांव १९५७ सालीं. वस्ती वाढली, तरी पाण्याची ओढ संपली नाहीं. गोरेगांवच्या मृणाल गोरे या १९६१ सालीं महानगरपालिकेवर निवडून आल्या. नळासाठीं त्यांनीं इतका पिच्छा पुरविला कीं, लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणूं लागले. जो प्रश्न तोंवर घरांतील बायकांची कुरकुर समजला जाई, तो त्यांनीं सभागृहांत नेऊन मांडला. १९७२ सालीं तेल, साखर, रॉकेल यांच्या टंचाईविरुद्ध आंदोलन उभें राहिलें. अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते आणि मृणाल गोरे या निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांनीं त्यांत एकत्र काम केलें, आणि हजारों गृहिणी लाटणीं व थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. घर चालविणें हा सार्वजनिक प्रश्न आहे, हें त्या लाटण्यांनीं राज्यकर्त्यांस ऐकविलें. पुढें नळ घरांत आला तेथें स्त्रीच्या डोक्यावरील हंडा उतरला. गॅस आला तेथें धूर गेला. सामाजिक व्यवस्थेनें घरकाम खरोखर हलकें होऊं शकतें, याचा हा पुरावा आहे.

मग स्त्रियाही मोठ्या संख्येनें गाडींत बसूं लागल्या. १९७३ सालीं अंधेरीच्या पूर्वेस मरोळजवळ ‘सीप्झ’ हें निर्यात-उद्योगांचें क्षेत्र सुरू झालें. तेथील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आणि पुढें दागिन्यांच्या कारखान्यांत पुष्कळ स्त्रियांस काम मिळालें. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीं गाडी सोडण्यांत आली. संध्याकाळच्या गाडींत मांडीवर पिशवी ठेवून मटार सोलणारी किंवा मेथी निवडणारी स्त्री हें मुंबईकरांच्या परिचयाचें दृश्य आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीचें घरकाम स्टेशनावर उतरण्यापूर्वींच सुरू होतें, एवढा त्याचा अर्थ. आगगाडीच्या अंतरामुळें पुरुषास घरकाम जमत नाहीं, हें कारण एकेकाळीं पटण्यासारखें होतें. तेंच अंतर स्त्रीही कापूं लागली, तेव्हां तें कारण संपलें. वांटणी मात्र फारशी हलली नाहीं. २०१९ सालीं सरकारनें देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ८१ जणी दिवसांत बिनमोबदल्याचें घरकाम करीत, पुरुषांपैकीं सुमारें २६ जण. करणाऱ्यांचा सरासरी वेळ पाहिला तर स्त्रियांचा २९९ मिनिटें आणि पुरुषांचा ९७ मिनिटें भरला.

ज्या घरांना परवडतें त्यांनीं यावर एक तोड काढली आहे. भांडीं, केर, कपडे आणि पोळ्या यांसाठीं बाई ठेवण्यांत येते. म्हणजे एका स्त्रीच्या अंगावरचें काम पुरुषाकडे न जातां दुसऱ्या, अधिक गरजू स्त्रीकडे जातें. आणि तिच्या स्वतःच्या घरची चूल तिची वाट पाहतच असते. घरकामगारांच्या कल्याणासाठीं महाराष्ट्रानें २००८ सालीं कायदा केला, ही चांगली गोष्ट झाली. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका अपघाताच्या खटल्यांत आणखी एक उणीव दाखविली. २००१ च्या जनगणनेंत गृहिणींची गणना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर काम न करणाऱ्यांत झाली होती. तिला न्यायालयानें दोष दिला.

या सर्व इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नळ, इंधन, गाडी, पाळणाघर हीं समाजानें करावयाचीं कामें आहेत, आणि तीं झालीं तेथें स्त्रीचे कष्ट उतरले. परंतु पीठ मळणें, मुलाचा अभ्यास घेणें, वृद्धांचें औषधपाणी पाहणें हें कोणत्याही नळानें होणारें नाहीं. तें घरांतील माणसांनींच आपसांत वांटून घ्यावयाचें आहे. भाताच्या शेतांत, वेसाव्याच्या किनाऱ्यावर आणि कचेरीच्या वाटेवर ही वांटणी माणसांनींच वेळोवेळीं गरजेप्रमाणें ठरविली. आज अंधेरीच्या कित्येक घरांतून पतिपत्नी सकाळीं एकाच गाडीनें निघतात. त्या गाडीपूर्वीं दोन डबे भरून तयार हवेत, तर ते भरण्यासाठीं पहांटे उठण्याची पाळी एकटीचीच कां, या प्रश्नाचें उत्तर आतां त्या घरांतील पुरुषांनीं द्यावयाचें आहे.