मडगार्डाची कातरछाट

पूर्वी पनवेल तालुक्यात उरण हा पेटा मोडत असे, आणि उरणचे बंदर म्हणजे मोरा. उरण गावापासून कोसभर अंतरावर, घारापुरीच्या बेटासमोर हा धक्का आहे. मुंबईस भाऊच्या धक्क्यावर लाँचेत बसावे आणि मोऱ्यास उतरावे, हाच पिढ्यान्‌पिढ्या उरणकरांचा राजमार्ग होता. मुंबईच्या गोदीत उतरलेली विलायती सायकल या तीरास यावयाची, तर तिलाही याहून सोयीचा मार्ग नव्हता. खाडीपलीकडे उतरल्यावर तिची गाठ कोणाशी पडे, हे त्या सायकलीच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसेल. मोऱ्याकडील जमीन खारी, भोवती मिठागरे व खाजणे. पावसाळ्यात वाटेवरची चिकण माती टायरास मेणासारखी चिकटते आणि सुकली की दगड होते.

सायकलीचा इतिहास लिहिणारे बहुधा चाके, साखळी आणि टायर यांच्याविषयी लिहितात, आणि ते योग्यही आहे. कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली ‘रोव्हर’ नावाची बेताच्या उंचीची सायकल काढली. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप या पशुवैद्याने हवेचा टायर केला. या दोन गोष्टींनी सायकल सर्कशीतून रस्त्यावर आली. मडगार्डाचे नाव या कथेत क्वचितच येते. आमचे म्हणणे इतकेच की, आपल्या देशातील सायकलीचा इतिहास पहावयाचा असेल, तर जो भाग आपल्या लोकांच्या हातांनी सर्वांत अधिक कापला, वाकवला, ठोकला आणि पुन्हा रंगवला, त्याच्याकडेच पाहिले पाहिजे. चाक कॉव्हेंट्रीस ठरले आणि तसेच राहिले. मडगार्ड मात्र येथे आल्यावर पुन्हा घडले.

याचे कारण साधे आहे. कॉव्हेंट्रीस वर्षभरात सुमारे २७ इंच पाऊस पडतो. मुंबईच्या किनाऱ्यावर एकट्या जुलै महिन्यात जवळजवळ तेवढा पडून जातो. वर्षभर रिमझिमणाऱ्या पावसासाठी आणि खडी घातलेल्या रस्त्यांसाठी जो पत्रा बेतला, तो कोकणच्या आषाढास पुरा कसा पडावा?

येथे भाषेचीही एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. सायकलीस आपल्याकडे पायगाडी, दुचाकी अशी देशी नावे मिळाली. घंटेस घंटा होतीच. मडगार्डास मात्र कोणी ‘चिखलरोधक’ म्हटले तरी ऐकणाऱ्यास आधी हसू येते. कारागिराने ‘मडगाड’ म्हणून त्या शब्दाची कड कानशीने घासली आणि तो आपल्या तोंडात बसवून घेतला. पत्र्याचे जे झाले तेच शब्दाचे झाले!

आपल्याकडे या घरगुती कारागिरीस प्रतिष्ठा नव्हती. लेखणी धरणाऱ्या घरात हातोडी धरणे म्हणजे खालची पायरी, असा समज होता. तो समज ज्यांनी मोडला त्यांपैकी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण सायकलीशीच जोडलेले आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असताना ते मुंबईस सायकली घेऊन बेळगावास आपले बंधू रामुअण्णा यांच्याकडे धाडीत. तेथे सायकलीची विक्री होई, चालविण्याचे शिक्षणही दिले जाई. किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा प्रारंभ १८८८ साली झाला, तो या दुकानापासून. त्या काळी एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत आणि शिकवणीचे पंधरा रुपये घेत, असे सांगतात. कारकुनाच्या पगाराशी ही रक्कम ताडून पाहिली, म्हणजे सायकलीचा एखादा भाग मोडला असता तो फेकून नवा आणणे किती अवघड होते, हे ध्यानी येईल. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, हा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परक्याची वस्तू उघडून, तिचे गुण ओळखून, आपल्या मातीस जुळेल अशी ती करून घेणे, ही वृत्ती त्या दुकानात होती. तीच वृत्ती ओसरीवर बसून मडगार्ड कापणाऱ्या शाळामास्तराच्या ठायीही होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फळात अंतर पडले, ते भांडवलामुळे व योगामुळे.

आता ही कातरछाट का करावी लागे ते पाहू. आपल्याकडे उभ्या ठेवणीच्या सायकलीस प्रायः २८ इंची चाके असत. २६ इंची चाकेही पुष्कळ होती. गंजलेल्या मडगार्डाच्या जागी दुसरे बसवायचे, तर हाती लागेल ते घ्यावे लागे, मग ते कोणत्याही कंपनीचे आणि कोणत्याही मापाचे असो. २८ इंची चाकाचे मडगार्ड २६ इंचीवर तसेच चढवले, तर मध्ये एक इंचाची जादा फट राहते आणि दोन्ही टोके बोकडाच्या शिंगांसारखी बाहेर येतात. शाळेत पाठ केलेले बावीस-सप्तमांश येथे कामास येते. चाकाची त्रिज्या एक इंचाने घटली की अर्धवर्तुळाची लांबी तीन इंचांहून थोडी अधिक घटते. तेवढा पत्रा कापावयाचा आणि उरलेला गुडघ्यावर दाबून थोडथोडा वळवावयाचा. वळवताना घाई केली तर पत्र्यास मुरड पडते, आणि पडलेली मुरड जन्मात जात नाही.

पण कोणते टोक कापावे? येथे अडाणी व जाणता ओळखू येतो. फिरत्या चाकावरून सुटलेला चिखल घेराच्या स्पर्शरेषेने उडतो. पुढील चाकाच्या मागच्या, खालच्या अंगाने उडालेला चिखल थेट पायांवर आणि साखळीच्या चक्रावर येतो; मागील चाकाचा वर चढून स्वाराच्या पाठीवर रेघ ओढतो. म्हणून पुढच्या मडगार्डाचे नाक कापले तरी चालते, शेपूट कापू नये. उलट शेपटीस जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा किंवा टायरच्या रबराचा तुकडा जोडून ती आणखी खाली न्यावी. अडचण अशी की, गंज प्रथम शेपटीसच लागतो. ओला, खारा चिखल तेथे साठून राहतो आणि रंगाखालून पत्रा खातो. मोऱ्याच्या वाऱ्यात तर हे काम फारच त्वरेने होते. मग सडलेली दोन बोटे कापल्यावाचून गत्यंतर नसते, आणि ती उणीव चामड्याने भरून काढावी लागते.

कापण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. पत्र्याच्या कातरीने सपाट पत्रा सुरेख कापतो; मडगार्ड पन्हाळीसारखे गोल असल्याने कातरीत ते चेपते. त्यासाठी आतून लाकडाचा गोल आधार हवा. घरात तो शोधण्यास दूर जावयास नको. स्वयंपाकघरातील मुसळ त्या पन्हाळीत पुष्कळसे बसते. (गृहिणीची परवानगी हे या कामातील पहिले हत्यार होय.) वरून बारीक दात्यांची लोखंडी करवत हलक्या हाताने चालवावी. मग कड कानशीने घासावी, तीही बाहेरून आत, म्हणजे वरचा काळा रंग उडत नाही. चिमट्याच्या दोन पायांमध्ये पत्रा अडत असेल, तर त्याच्या दोन्ही कडांना खाच द्यावी. पत्रा ठोकून अरुंद करू नये. भोक पाडताना लाकडावर ठेवून पोलादी खिळ्याने टोचावे, आत आलेले कंगोरे घासावे आणि बोल्टाखाली चामड्याची चकती घालावी. नाहीतर पत्रा खडखडतो व भोकापासूनच चिरत जातो. आधाराच्या काड्यांची वाढीव टोके मात्र निःशेष कापावी. बाहेर राहिलेल्या एका टोकाने किती धोतरे फाडली असतील याची गणती नाही! कापलेल्या कडेस त्याच दिवशी रंग द्यावा. होडीच्या बुडास फासतात ते डांबर आतल्या अंगास त्याहूनही चांगले.

फट किती ठेवावी, हा खरा वादाचा प्रश्न. दिसावयास बारीक फट सुंदर दिसते, आणि विलायती चित्रांत तशीच असते. खाजणातल्या मातीत ती घातक आहे. माती फटीत दाटते आणि चाक जागीच धरले जाते. एखादी काटकी टायराबरोबर वर गेली तर स्वार हँडलावरून पुढे जातो. तेव्हा आमचे मत असे की, बोटभर तरी फट असावी आणि शोभेचा विचार उन्हाळ्यापुरता ठेवावा.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि विलायती मालाची आवक रोडावली. पेट्रोलवर नियंत्रण आल्याने सायकलीची गरज वाढली, आणि सुटे भाग तर मिळेनात. तोपर्यंत जी हौस होती ती निकड झाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालात आसनसोल, सोनपत, लुधियाना अशा ठिकाणी मोठे कारखाने निघाले आणि मडगार्डे मुबलक झाली. त्यांची ठेवण मात्र तीच जुनी इंग्रजी राहिली. देशी कारखान्याने देशी पावसाचे माप घेतले नाही, ही गोष्ट आम्हांस अद्याप खटकते.

मोऱ्याभोवतीचा प्रदेश नंतर ओळखू येऊ नये इतका पालटला. १९८९ साली शेजारी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकलगाडी आली आणि त्याच दिवशी शिवडीहून येणारा अटल सेतूही खुला झाला. त्या सेतूवर दुचाकी वाहनांस प्रवेश नाही. गिअरच्या नव्या सायकली तर अनेकदा मडगार्डावाचूनच विकल्या जातात, आणि पहिल्या पावसात पाठीवर रेघ उमटली की मुले प्लॅस्टिकचे मडगार्ड आणतात. तेही मापाचे नसते. ते कापण्यास करवत नको, जाड कात्री पुरते. भोक तापवलेल्या खिळ्याने पडते. गंजाची भीती गेली खरी, पण उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन काडीपाशी चिरते, आणि मग चिरेच्या दोन्ही अंगांस भोके पाडून ते तारेने शिवावे लागते.