मांसाचे लेबल (महाराष्ट्र)

मांसाचे लेबल म्हणजे विक्रीसाठी वेष्टनबंद केलेल्या कच्च्या, गोठवलेल्या किंवा प्रक्रिया केलेल्या मांसावर छापलेली, कायद्याने बंधनकारक असलेली माहिती होय. मांस कोणत्या प्राण्याचे आहे, ते कोणी व केव्हा बांधले आणि किती दिवस खाण्यायोग्य राहील, हे ग्राहकाला त्यावरून कळते. महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीवर बंदी असल्यामुळे मोठ्या जनावराच्या मांसाबाबत या माहितीला आरोग्याबरोबरच कायदेशीर महत्त्वही आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ अन्वये गाईच्या कत्तलीस बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या सुधारणेने ही बंदी वळू व बैल यांनाही लागू केली. तिला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली व ४ मार्च २०१५ पासून ती अमलात आली. उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. म्हैसवर्गीय जनावरांवर सरसकट बंदी नाही; मात्र म्हशीच्या कत्तलीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते.

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी वैध ठरवली. परंतु राज्याबाहेर कत्तल झालेल्या गोवंशाचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम ५ ड आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम ९ ब रद्द केले. मांसाचा ताबा जाणीवपूर्वक असला तरच तो गुन्हा ठरतो, असेही न्यायालयाने म्हटले. या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले दाखल झाली.

‘बीफ’ या शब्दाचा अर्थ

मराठी बोलीत ‘मटण’ म्हणजे बकऱ्याचे किंवा मेंढीचे मांस, तर गाय-बैल व म्हैस-रेडा यांच्या मांसाला ‘मोठ्याचे मटण’ म्हणतात. ‘बीफ’ हा इंग्रजी शब्द मुळात गोवंशाच्या मांसाचा असला तरी भारतातील व्यवहारात तो म्हशीच्या मांसासही लावला जातो. भारतातून गोमांसाच्या निर्यातीस मनाई असून म्हशीचे हाडविरहित मांस निर्यात होते. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वर्गीकरणात दोन्ही ‘गोवर्गीय मांस’ या एकाच गटात मोडतात. त्यामुळे जागतिक आकडेवारीत भारत ‘बीफ’ निर्यातदार म्हणून दिसतो. म्हणून लेबलावर केवळ ‘बीफ’ न लिहिता ‘म्हशीचे मांस’ असा स्पष्ट उल्लेख असणे महत्त्वाचे ठरते.

लेबलावरील माहिती

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०२० चे लेबलविषयक विनियम यांनुसार वेष्टनावर पुढील बाबी असतात :

• पदार्थाचे नाव व घटक : घटकांचा क्रम वजनाच्या उतरत्या प्रमाणात असतो. प्राण्याची जात येथेच कळते.
• मांसाहारी चिन्ह : तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. पूर्वी त्रिकोणाऐवजी भरीव वर्तुळ असे. रंगांधळ्या व्यक्तींना शाकाहारी पदार्थाच्या हिरव्या वर्तुळापासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून बदल करण्यात आला. हे चिन्ह प्राण्याची जात सांगत नाही.
• परवाना क्रमांक : चौदा अंकी. पहिला अंक १ असल्यास परवाना, २ असल्यास लहान व्यावसायिकाची नोंदणी.
• दिनांक : उत्पादनाची किंवा वेष्टनाची तारीख व वापराची अंतिम तारीख.
• साठवण : गोठवलेले मांस उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी, तर थंड केलेले सुमारे ० ते ४ अंश तापमानात ठेवावे लागते.
• निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, गट क्रमांक व उत्पादकाचा पत्ता.

‘हलाल’ किंवा ‘झटका’ हे उल्लेख कत्तलीच्या पद्धतीविषयी असतात. त्यांवरून प्राण्याची जात किंवा मांसाची प्रत ठरत नाही.

सुटे मांस

भंडारा जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात आठवडी बाजारातील व गावातील दुकानांतून मांस प्रामुख्याने सुटे विकले जाते आणि त्याला लेबल नसते. अशा वेळी दुकानात लावलेला परवाना किंवा नोंदणी प्रमाणपत्र, दुकानाची स्वच्छता आणि मागून घेतलेली पावती हेच ग्राहकाचे आधार असतात. कत्तलखान्यात कत्तलीपूर्वी व नंतर पशुवैद्यकीय तपासणी अपेक्षित असते.

प्राण्याची ओळख

म्हशीचे मांस सहसा अधिक गडद व चरबी पांढरी असते. गाईच्या चरबीत कॅरोटिन राहत असल्याने ती पिवळसर दिसते. तथापि रंगावरून काढलेला निष्कर्ष खात्रीचा नसतो, आणि शिजवलेल्या मांसाबाबत तर तो मुळीच विश्वसनीय नसतो. निश्चित ओळख प्रयोगशाळेत डीएनए चाचणीने पटते. त्यामुळे निव्वळ संशयावरून कोणावर आरोप करणे कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही.

तक्रार व दंड

राज्यात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. लेबलावर चुकीची माहिती छापल्यास तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शुल्क भरून खरेदी केलेल्या पदार्थाचे अन्न विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेण्याचा अधिकार ग्राहकालाही आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

इतर देशांत

गाईंमधील ‘मॅड काऊ’ रोगाच्या संकटानंतर युरोपीय संघाने २००० साली नियम करून गोमांसाच्या लेबलावर जनावराचा जन्म, संगोपन व कत्तल कोणत्या देशात झाली हे नमूद करणे सक्तीचे केले. अमेरिकेत ‘प्राइम’, ‘चॉइस’ व ‘सिलेक्ट’ या श्रेणी मुख्यतः मांसातील चरबीचे प्रमाण व जनावराचे वय यांवरून ठरतात. त्या सुरक्षिततेच्या निदर्शक नाहीत.

हे सुद्धा पहा

• अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र
• भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण
• भंडारा जिल्हा