नक्कल सोपी झाली, रुजुवात राहिली

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक प्रश्न आला होता. जुन्या छापील पुस्तकातला मजकूर संगणकावर घ्यायचा आहे, पानन् पान टाइप करत बसणं होणार नाही, तर सोपा मार्ग कोणता? प्रश्न कामाचा आहे आणि थोडा घाईचाही. शंभर वर्षांपूर्वीच्या स्वस्त कागदात आम्ल असतं. तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, आणि एक दिवस पान उलटताना हातात तुकडा येतो. सोपे मार्ग आहेत, ते आम्ही शेवटी सांगूच. पण ते कसे आले हे आधी पाहिलं, तर कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळेल.

जुन्या दप्तरांत एक शब्द आहे, रुजुवात. मूळ कागद आणि त्याची नक्कल शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहायची, ती रुजुवात. नक्कल करणं हे एक काम आणि रुजुवात हे दुसरं. आमचं आजचं म्हणणं एवढंच की पहिलं काम सोपं होत गेलं, दुसरं मात्र फारसं सोपं झालं नाही.

हे दुखणं छापखान्याच्या आधीचं आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत तीनशे वर्षांत पाठ इतके बिघडले की शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. नवी ओवी घुसडू नका, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. लेखनिकाची चूक आणि लेखनिकाची हुशारी, दोन्ही घातक असतात हे नाथांना पक्कं ठाऊक होतं. हुशारीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विसाव्या शतकात हेच काम पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतासाठी केलं. १९१९ मध्ये हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. खंड १९. देशभरातल्या पोथ्या मिळवून त्यांतले पाठभेद श्लोकाश्लोकाने हाताने नोंदवले गेले. तेव्हा संगणक नव्हताच. एका अर्थी ती सत्तेचाळीस वर्षांची रुजुवात होती.

पुढे हाच ग्रंथ संगणकावर कसा गेला? टाइप करून. जपानमधले संस्कृतचे अभ्यासक मुनेओ तोकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळं महाभारत रोमन लिपीत टंकलं. मग केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ते तपासून दुरुस्त केलं. आज जगभर अभ्यासक वापरतात तो हा मजकूर. बघा, इथेही दोन माणसं, दोन कामं.

टंकण्याची ही परंपरा १९७१ पासूनची. अमेरिकेत मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणकावर तिथला स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभा राहिला. व्यावसायिक कामात एक युक्ती निघाली. एकच पान दोघांकडून स्वतंत्रपणे टंकून घ्यायचं आणि जिथे फरक पडेल तेवढंच तपासायचं. दोघेही एकाच जागी एकच चूक करतील, असं क्वचितच घडतं.

मराठीत मात्र एक अडचण आगाऊ होती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये मान्य झालं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छापखान्यांतून पुढे कितीतरी वर्षं ज्याचा त्याचा फॉन्ट चालला. अक्षरं पडद्यावर मराठी दिसत, आत मात्र रोमन चिन्हं साठवलेली असत. आम्हीही एका स्मरणिकेचा मजकूर अशा फॉन्टमध्ये टंकून ठेवला होता. काही वर्षांनी दुसऱ्या संगणकावर ती फाइल उघडली, तर सगळा गिचमिड काला. छापील प्रत कपाटात होती म्हणून वाचलो.

आता यंत्राने वाचण्याकडे येऊ. कोणत्याही वळणाचं छापील अक्षर ओळखणारं यंत्र रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये लोकांपुढे आणलं, ते अंधांना पुस्तक वाचून दाखवण्यासाठी. देवनागरीवरचं कामही आपल्याकडे लवकर सुरू झालं. सिन्हा आणि महाबल यांचा निबंध १९७९ चा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत चौधुरी आणि पाल यांनी बांगला व देवनागरी वाचणारी पद्धत १९९७ मध्ये मांडली.

आपल्या लिपीची खोच शिरोरेषेत आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, आपली एका रेषेला टांगलेली. म्हणून त्या काळच्या पद्धतींत यंत्र आधी ती रेषा शोधून पुसायचं, मग अक्षरं सुटी व्हायची. त्यात वरच्या वेलांट्या, मात्रा, खालचे उकार आणि जोडाक्षरं वेगळीच. ‘टेसरॅक्ट’ हा मोफत कार्यक्रम २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याची चौथी आवृत्ती २०१८ मध्ये आली, ती अख्खी ओळ एकदम वाचते, आणि मराठीचं काम बरंच सुधारलं.

बरंच, म्हणजे किती? हिशेब करू. पानावर दीड हजार अक्षरं धरा. शंभरात नव्व्याण्णव बरोबर आली तरी पानाला पंधरा चुका, दोनशे पानांत तीन हजार. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, ही नेहमीची गिऱ्हाइकं.

याहून वाईट चूक ती, जी चूक वाटतच नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांत न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. तिथे ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी. ‘ती आली’ म्हणजे एक बाई, ‘तीं आलीं’ म्हणजे मुलं. यंत्राला तो टिंब शाईचा डाग वाटतो, किंवा आजच्या मराठीवर शिकल्यामुळे ते परस्पर सुधारून टाकतं. वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही. शंभर वर्षांपूर्वीची मराठी गुपचूप आजची होऊन जाते. नाथांनी ताकीद दिली ती लेखनिकाची हुशारी हीच, फक्त आता ती यंत्राकडे आली आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर. पुस्तक स्कॅन करा. नाजूक असेल तर पूर्ण न उलगडता वरून मोबाइलने फोटो घ्या, उजेड एका बाजूने नको. त्या चित्रांवर अक्षर-ओळख चालवा. टेसरॅक्ट आहे, गूगल ड्राइव्हमध्येही सोय आहे. छपाई फारच पुसट असेल तर मोठ्याने वाचून बोलून टंकणं कधी कधी लवकर होतं. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली आहेत का, ते प्रसिद्ध करण्याआधी पाहा. आणि मूळ पानांची चित्रं कधीही पुसू नका, कारण त्यांच्याशिवाय रुजुवात होणार कशाशी?

विकिस्रोतावर ही जुनी रीत आजही जिवंत दिसते. एका बाजूला पानाचं चित्र, शेजारी मजकूर. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. पिवळ्याचं हिरवं त्याच माणसाला करता येत नाही. दप्तरातल्या कारकुनाला हे काही समजावून सांगावं लागलं नसतं.

आमच्या गटात आम्ही दर रविवारी दोघे-दोघे बसतो. एक मोठ्याने वाचतो, अनुस्वारासकट, दुसरा पडद्यावर बोट ठेवतो. तासाला दहाबारा पानं होतात. यंत्र तेवढी पानं मिनिटभरात काढतं. पण त्या पानांखाली ‘ताडून पाहिलं’ असं आम्ही लिहू शकतो, यंत्र लिहू शकत नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. चष्मा आणावा.