ओहम मास्तरांचा ‘ब’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचव्या दिवशीची संध्याकाळची आरती चालू असताना मंडपाच्या मागून प्लास्टिक जळल्याचा वास आला. रोषणाईचं काम आम्हा चार-पाच जणांकडे. धावत जाऊन पाहिलं, तर हॅलोजनला जाणाऱ्या वायरीचा एक जोड, नुसता पिळून वर टेप गुंडाळलेला, काळा पडला होता. पडद्याचं कापड तिथून वीतभर अंतरावर. मेन स्विच बंद केला आणि आरती समईच्या उजेडात पूर्ण झाली. नंतर सगळ्यांचा एकच प्रश्न: एमसीबी का पडला नाही?

आमच्यात दोघे डिप्लोमावाले, त्यातून एक सरकारी नोकरीत. तरी चटकन उत्तर देता आलं नाही, हे कबूल करायला हवं. ते शोधताना आम्ही २०० वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तरांपर्यंत जाऊन पोहोचलो.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलुपं बनवणारे कारागीर. स्वतःच गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवलं. घरात हत्यार हाती धरायची सवय झाली, ती पुढे उपकरणं बनवताना कामी आली. १८१७ पासून ओहम कलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागले.

त्यांचा प्रश्न साधा होता. तार लांब केली की प्रवाह कमी होतो. पण नेमका किती? आज कुणीही मीटर लावून सांगेल. तेव्हा व्होल्ट, अँपिअर ही मापंच ठरलेली नव्हती. १८२५ मध्ये त्यांनी बॅटरी लावून प्रयोग केले. त्या काळची बॅटरी जोडल्याबरोबर तिचा जोर घसरू लागे. त्या आकड्यांवरून त्यांनी लॉगॅरिदमचं एक सूत्र काढलं. ते चुकीचं होतं, आणि छापूनही आलं.

मग पोगेनडॉर्फ या संपादकांनी त्यांना बॅटरी सोडून थर्मोकपल वापरायला सुचवलं. बिस्मथ आणि तांबं यांचे दोन सांधे, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक हलत नाही, म्हणून जोरही हलत नाही. प्रवाह मोजायला बारीक पट्टीला टांगलेली चुंबकसूची. सूची सरकली की पट्टीला पीळ देऊन ती जागेवर आणायची. जितका पीळ, तितका प्रवाह. १८२६ मध्ये सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत, त्यांनी एकेक करून लावल्या. आकडे एका सूत्रात बसले: प्रवाह म्हणजे ‘अ’ भागिले ‘ब अधिक तारेची लांबी’.

‘अ’ म्हणजे जोर, आपलं व्होल्टेज. सांध्यांमधला तापमानाचा फरक बदलला की तो बदले. ‘ब’ मात्र तोच राही, त्या तारेच्या सुमारे २० इंचांइतका. तारेखेरीज बाकी सगळ्या मंडलाचा तो रोध. (आमच्यापैकी बरेच जण हिंदीतून शिकले, त्यांनी प्रतिरोध म्हणावं.) पुस्तकात आपण व्होल्टेजला करंटने भागून रोध काढतो आणि मोकळे होतो. दिव्याबरोबर वायर, सॉकेट, जोड हेही त्या भागाकारात बसलेले असतात, हे विसरतो.

१८२७ मध्ये ओहम यांचं पुस्तक निघालं. जर्मनीत त्याची कदर झाली नाही, टीका मात्र झाली. कलोनची नोकरी त्यांनी सोडली आणि पुढची काही वर्षं ओढाताणीत काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक १८४१ मध्ये मिळालं, आणि म्युनिकला भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद १८५२ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षं आधी. बढतीची वाट पाहणाऱ्या आम्हा सरकारी माणसांना हे वाचून जरा धीर येतो.

उष्णतेचा हिशोब जूल यांचा. इंग्लंडमधल्या दारूभट्टीवाल्या घरातल्या या तरुणाने तारेची गुंडाळी पाण्यात बुडवून, थर्मामीटर लावून १८४० च्या सुमारास दाखवलं की उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणल्याइतकी असते.

आता आपला मंडप. ५०० वॅटचे चार हॅलोजन, म्हणजे २००० वॅट. २३० व्होल्टने भागले की ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागलं की दिव्यांचा रोध सुमारे २६.४ ओहम. वायर दीड चौरस मिलिमीटरची, ५० मीटर जाणारी आणि तेवढीच परतणारी. तिचा रोध १.२ ओहम. हा आपला ‘ब’. दोन्ही मिळवून भागाकार केला की प्रवाह ८.३ वर येतो, आणि ८० हून जास्त वॅट नुसत्या वायरीत जातात. पण ते १०० मीटरवर पसरलेले, म्हणून वायर फार तर कोमट होते.

सैल जोडाचा अर्धा ओहम धरा. प्रवाह आणखी उतरून ८.२. त्याचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ३३ वॅट, तेही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते! एमसीबी वाढलेला करंट पाहतो. इथे तर करंट किंचित कमीच झाला होता. मग तो पडेल कशाला?

त्या वर्षापासून पिळलेला जोड बंद. स्क्रूचे पोर्सिलेन कनेक्टर, आणि लांबच्या फेरीला ४ चौरस मिलिमीटरची वायर; तिचा रोध साधारण ०.४६ ओहम. हिशोबाने शेवटच्या हॅलोजनपाशी २२६ व्होल्ट यायला हवेत. रोज आरतीआधी, दिवे लावून अर्धा तास झाला की, आमच्यातला एक जण तिथे मीटर धरतो. आकडा फार खाली दिसला, की मेन बंद करून एकेक जोड उघडून पाहायचा, आरतीला उशीर झाला तरी.