भिंतीतल्या तीन पिढ्यांच्या वायरी

कुंडलच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली तेव्हा सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते वायरिंगने. फरशीचा, गिलाव्याचा हिशेब मांडता येतो. भिंतीतली वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हे मात्र ज्याने ओढली त्यालाच ठाऊक असतं. आमच्याकडे ओढणारे तिघे. पहिला कधीच अल्लाहला प्यारा झाला, दुसरा गाव सोडून गेला आणि तिसऱ्याला काही आठवत नाही.

कुंडल हे औंध संस्थानातलं गाव. शेजारच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना वसवला आणि कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं. पण यंत्रं शेजारी आली म्हणून गावात दिवे लागले असं नाही. प्रतिसरकारच्या काळात तुफान सेनेने 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, तेव्हाच्या माणसांना ‘तार’ म्हटलं की टेलिग्राफच आठवायचा. बेचाळीसच्या चळवळीत ठिकठिकाणी तोडल्या जात होत्या त्या याच तारा. विजेच्या तारा घरोघर आल्या त्या नंतर. 1960 साली राज्याचं वीज मंडळ झालं, 1962 साली कोयनेचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि त्याच दशकात आमच्या दादांनी दोन दिव्यांचं कनेक्शन घेतलं.

ती पहिली वायर लाकडी पट्टीवरून गेलेली. आत तांबं, त्यावर रबर, त्यावर सुताचं विणकाम. दोन्ही वायरी सारख्याच काळपट. अर्थिंग नावाचा प्रकार नाही. चिनी मातीचा फ्यूज, काळी गोल बटणं.

ही सारखेपणाची गोष्ट आम्हाला महागात पडली होती. मी लहान असताना माझे चाचा बटण बंद करून मधल्या खोलीतला बल्ब बदलायला स्टुलावर चढले. होल्डरला बोट लागलं आणि ते खाली आपटले. हात मोडला, तो पुढे कधी सरळ झालाच नाही. बटण बंद असताना शॉक लागतोच कसा, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. दादी म्हणायची, त्या कोपऱ्यात आसेब आहे. त्या कोपऱ्यात ती आम्हाला झोपू देत नसे.

परवा मिस्त्रीने पट्टी उकलली आणि आसेब सापडलं. बटण फेजवर असायला हवं, ते न्यूट्रलवर बसवलेलं. बटण बंद केलं की बल्ब विझतो, पण होल्डरपर्यंत फेज तशीच उभी राहते. दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असल्यावर बसवणाऱ्याने कोणती धरावी? टेस्टर लावला नसेल, बस. चाचा हयात असते तर त्यांना हे दाखवलं असतं.

दुसरी वायर अब्बांच्या काळातली, ॲल्युमिनियमची. तांबं महाग, बाहेरून आणावं लागणारं, म्हणून त्या काळात घरोघर ॲल्युमिनियमच ओढलं जाई. धातू वाईट नाही, पण जुन्या तांब्याला नुसता पीळ देऊन जोडला की सांधा हळूहळू सैल होतो, गरम होतो. आमच्या घरात असे सांधे भिंतीत गिलाव्याखाली पुरलेले निघाले. दोन तर जळून कोळसा झालेले.

तिसरी वायर लोडशेडिंगची. 2005 नंतरची ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना सांगायला नको. इन्व्हर्टर आला आणि त्याची लाइन जुन्याच दिव्यांच्या वायरीत खुपसली गेली.

मिस्त्रीने विचारलं, “भाई, मेन बंद केलाय ना?”

“केलाय.”

“मग हा टेस्टर काय म्हणतोय?”

टेस्टर पेटलेला. आम्ही मेन बंद केला, इन्व्हर्टरला वाटलं लाइट गेली, आणि त्याने इमानदारीने बॅटरीवरून वायरीत वीज सोडली. मिस्त्रीने हात घालण्याआधी टेस्टर लावला म्हणून बरं. मी तर मेन पाडला की संपलं, असंच समजत होतो.

त्याच संध्याकाळी पुतण्याने मोबाइलवर वायरिंगचा अमेरिकेतला व्हिडिओ आणला. त्यात काळी वायर फेजची! आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. इंग्लंडमध्येही घरात लाल-काळीच होती, 2004 पासून तिथे तपकिरी-निळी आली. आपल्या मिक्सरच्या दोरीतही हीच तपकिरी-निळी दिसते. पुतण्याला सांगितलं, बाबा, व्हिडिओ बघ, पण पेचकस खाली ठेव.

शेवटी जुनं काहीच ठेवलं नाही. अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं, गळती पकडणारा ब्रेकर बसवला, इन्व्हर्टरची लाइन वेगळ्या पाइपातून नेली. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. कोणती वायर कुठून कुठे जाते त्याचा नकाशा मी हाताने काढला आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला. त्यावर इन्व्हर्टरचं बटण लाल शाईने, ठळक.

मधल्या खोलीतल्या त्या कोपऱ्यात आता माझी नात झोपते.